भाऊंचं भ्या

गायकवाड भाऊ कुणाच्याही दारात गेले की चपला काढायचे आणि मग वाकून त्या फिरवून ठेवायचे. तोंडं बाहेरच्या बाजूला. म्हणजे निघताना नुसते पाय सरकवायचे आणि चालू पडायचं. कलेक्टर कचेरीत तसंच, देवळासारख्या शांत जागी तसंच आणि माझ्या लग्नातही तसंच. जळकोटला आमच्या दारात मांडव होता, चपलांचा ढीग पडला होता आणि त्या ढिगात त्यांची एकच जोडी मांडवाकडं पाठ करून बसली होती. माझ्या आईनं ती बघितली आणि विचारलं, हे कुठले पाहुणे, येतानाच निघालेत?

भाऊ भित्रे होते. हे मी त्यांच्या माघारी कुजबुजत सांगत नाही, ते स्वतःच पहिल्या भेटीत सांगून टाकायचे. नवा माणूस समोर आला की हात जोडून म्हणायचे, "मी नामदेव गायकवाड. मला लई भ्या वाटतं. तेवढं सांभाळून घ्या." समोरचा हसायचा. त्याला वाटायचं, गंमत करतायत. गंमत नव्हती. कुत्र्याचं भ्या, माइकचं भ्या, विहिरीत वाकून बघायचं भ्या, पोलिसांच्या गाडीचं तर इतकं भ्या की रस्त्यात निळी गाडी दिसली की ते उगाच थांबून एखाद्या दुकानातल्या साबणाचा भाव विचारायचे. एसटीत दाराजवळची जागा मिळाली नाही तर पुढच्या गाडीनं यायचे. कुठल्याही घरात शिरले की आधी मागचं दार कुठं आहे ते बघून घ्यायचे, मग पाणी प्यायचे.

असा माणूस आमच्या संस्थेनं नेमका त्या कामावर का ठेवला, हे मला रुजू झाल्यावर बरेच दिवस कळलं नाही.

संस्था म्हणजे उस्मानाबादच्या स्टँडमागं सायकलच्या दुकानावरची एक खोली. गावाला जुनी माणसं तेव्हाही धाराशिवच म्हणायची. पुण्यातल्या काही भल्या माणसांनी एकत्र येऊन एक न्यास काढला होता. पण शाळेला घंटा दे, गरिबांना सतरंज्या वाट, असला तो न्यास नव्हता. जे लोक आपल्या हक्कासाठी आपणहून उभे राहिलेत, त्यांच्या संघटनेच्या पाठीशी पैसा उभा करायचा आणि काय करायचं ते त्यांनीच ठरवायचं, अशी त्याची रीत होती. ऐकायला फार सोपं. आमच्या जिल्ह्यात हे लोक म्हणजे पारधी होते. मूळचे रानातले, फास लावून तितर-लावे धरणारे. इंग्रजांच्या काळात सबंध जातीवरच गुन्हेगाराचा शिक्का मारला गेला. तो कायदा पुढं गेला, गावांच्या मनातनं मात्र गेला नाही. कुठं कोंबडी हरवली तरी आधी पारध्यांची पालं तपासायची, मग खुराडं.

मी तिथं टायपिंगला होते आणि पालावरच्या बायकांशी बोलायला एक बाईमाणूस हवं म्हणून भाऊंबरोबर हिंडायलाही होते. आमचं घर लिंगायत, वडलांचं किराणा दुकान, घरात निम्मं कानडी. मी पारध्यांत जाते हे ऐकून आई कपाळाला हात लावून "ब्याड, ब्याड" करत बसायची. नको म्हणत असे ती. वडील म्हणाले, सोबत कोण असतं? मी म्हटलं, एक गायकवाड म्हणून आहेत, फार भित्रे आहेत. वडील जरा विचार करून म्हणाले, मग जा. मला तेव्हा राग आला होता. वडील दुकानदार होते, त्यांना माणूस लवकर कळायचा.

भाऊ आधी गटसचिव होते. म्हणजे गावोगावच्या सोसायट्यांचं कामकाज बघणारे. ती नोकरी त्यांनी सोडली, त्याचं कारण विचारलं तर एवढंच म्हणायचे, "सोसायटीत चेअरमन आधी जन्मतो, सभासद मागनं." पारध्यांच्या संघटनेत ते पहिल्यांदा गेले तेव्हा आधी चेअरमन कोण ते शोधत होते, असं ते स्वतःच सांगायचे. तिथं चेअरमन कुणीच नव्हता. झुंबरबाई पवार होती.

झुंबरबाई म्हणजे काटक, उंच, पानतंबाखूनं काळे पडलेले दात आणि बोलताना समोरच्याच्या कपाळाकडं बघायची सवय. तिचा नवरा पोलिसांनी चौकशीला नेला होता. परत आला तो खुरडत आला आणि त्या पावसाळ्यातच गेला. त्यानंतर तिनं आसपासच्या पालांवरच्या बायका गोळा केल्या. आमची संस्था यायच्या आधीच ती संघटना होती आणि आम्ही नसतो तरी ती राहिली असती. हे भाऊ आम्हाला सारखं बजावायचे. पुण्याहून कुणी आलं आणि "आपण उभी केलेली संघटना" म्हणालं की भाऊ हळूच खोकायचे.

एकदा त्यांना वाटलं, आपली रीत ह्या लोकांना त्यांच्याच भाषेत समजावून सांगावी. पारधी शिकारीला निघतो तेव्हा शिकवलेली गाय पुढं घालतो आणि तिच्या आडोशानं पाखरांजवळ जातो, हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं. तेव्हा सगळ्या बायकांसमोर ते म्हणाले की आमचंही तसंच आहे, तुम्ही पुढं चालायचं आणि आम्ही तुमच्या मागं, आडोशाला. झुंबरबाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे आमी गाय, आन तुमी शिकारी. मग पाखरू कोन, भाऊ?"

बायका हसून हसून लोळल्या. भाऊही हसले. पण परतीच्या वाटेवर सडकेला लागल्यावर म्हणाले, अक्का, त्यांना आपलंही भ्या असेल, हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं. वयानं मी त्यांच्या मुलीएवढी, पण ते मला अक्काच म्हणायचे. त्या दिवसानंतर त्यांनी कुणाला काही समजावून सांगितल्याचं मला आठवत नाही.

ते फक्त विचारायचे. कुणीही काही बेत मांडला, मोर्चा म्हणा, धरणं म्हणा, की भाऊंचा एकच प्रश्न असायचा, "आन रातीच्याला?" म्हणजे दिवसा घोषणा देऊन आपण गाडीत बसून जाऊ, मग रात्री पालावर कोण येईल आणि कुणाला धरेल, ते कुणी बघितलंय का? पुण्याच्या तरुण कार्यकर्त्यांना ह्या प्रश्नाचा वैताग यायचा. एकानं तोंडावर सांगितलं की तुमच्यासारख्या घाबरटांमुळंच क्रांती लांबते. भाऊ म्हणाले, "लांबू द्या. धाडसी माणूस परतीचं तिकीट काढून येतो, बाळा. ह्यास्नी परतायला जागा न्हाय."

त्यांना राग आलेला मी एकदाच बघितला. पुण्याहून न्यासाच्या एक बाई आल्या होत्या, स्वभावानं फार चांगल्या. पालावरची मुलं बघून त्यांना भरून आलं आणि त्यांनी पिशवीतनं कॅमेरा काढला. कॅमेरा बाहेर आला मात्र, क्षणात पाल रिकामं. बायका, पोरं, एक म्हातारा, सगळे ज्वारीच्या ताटांत. चुलीवर कालवण तसंच शिजत होतं. बाई गोंधळून माझ्याकडं बघायला लागल्या. तेवढ्यात भाऊ पुढं झाले, काखेतली छत्री त्यांनी उघडली आणि कॅमेऱ्यासमोर धरून उभे राहिले. म्हणाले, "बाईसाहेब, आमच्याकडं ह्यांचा फोटो फक्त ठाण्यात लागतो." बाईंनी कॅमेरा ठेवून दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांना लागलं असेल, पण त्या पुन्हा आल्या आणि कॅमेऱ्याशिवाय आल्या, हेही सांगायला हवं.

भाऊंचं हे भ्या आलं कुठनं, ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. माकणीच्या अलीकडं वडाखाली आम्ही एसटीची वाट बघत होतो. उन्हाळ्याचे दिवस, ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवलेला कांदा ते हातात घोळवत होते. ते लहान असताना त्यांच्या वस्तीनं बुद्धधम्म घेतला आणि गावकीची कामं सोडली. वडलांनी त्या वर्षी बाजारातनं नव्या चपला आणल्या आणि त्या घालून गावातल्या गल्लीतनं चालत आले. त्या आधी त्यांच्यातलं कुणी त्या गल्लीतनं चपला घालून गेलं नव्हतं. चार दिवसांनी संध्याकाळी गाव काठ्या घेऊन वस्तीवर आलं. सगळे रानात पळाले. वडीलही पळाले असते, पण ते चपला शोधायला घरात मागं फिरले. दाराशी सापडेनात. नंतर कळलं, आईनं झाडताना त्या आत कोपऱ्यात सरकवल्या होत्या. तेवढ्यात लोक दारात पोचले. "बाप पुढं जगला," भाऊ म्हणाले, "पर उजवा हात कधी तोंडापर्यंत गेला न्हाय त्याचा. आईच भरवायची." एसटी आली. आम्ही चढलो. त्यानंतर त्यांच्या चपलांवरनं मी त्यांना कधी चिडवलं नाही.

आता पत्र्यांची गोष्ट सांगते. भाऊ म्हटलं की मला तीच आठवते.

बहात्तरचा दुष्काळ लोकांच्या बोलण्यात अजून ताजा होता आणि पुन्हा दोन-तीन वर्षं पाऊस धड झाला नव्हता. झुंबरबाईची माणसं तेव्हा एका गावच्या गायरानावर पालं टाकून होती. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. शेजारीच पाझर तलावाचं सरकारी काम चालू होतं. मुकादम पारध्यांना कामावर घेत नव्हता. तेव्हा संघटनेच्या बायका टोपल्या घेऊन रोज सकाळी तिथं जाऊन नुसत्या बसल्या. शेवटी कंटाळून त्यानं घेतलं. मग गावातल्या बायका आणि पारधी बायका एकाच मातीच्या ढिगाशी वाकू लागल्या, एकाच बाभळीच्या सावलीत भाकरी सोडू लागल्या. सुरुवातीला मध्ये जागा असायची. पुढं सावली लहान होत गेली तशी ती जागाही गेली.

गायरानावर मात्र गावाचा डोळा होता. जनावरांना चारा नव्हता आणि दूध सोसायटीच्या चेअरमनला तिथं छावणी घालायची होती. छावणी उठल्यावर ती जागा पुन्हा गायरान होणार नाही, सोसायटीची होईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पारध्यांनी पालं गुंडाळून चालतं व्हावं, एवढंच त्याचं म्हणणं. पाल गुंडाळायला वेळ तो किती लागतो?

त्याच सुमारास संघटनेनं ठरवलं की न्यासाच्या पैशातनं पालं काढून पत्र्याची घरं करायची. भिंतीला पत्रा, वर पत्रा. भाऊंनी ऐकलं आणि त्यांचा चेहराच उतरला. दुपारभर ते बायकांसमोर बसून होते. पत्रा उन्हात चकाकतो, सडकेवरनं दिसतो, उचलून पळता येत नाही, पेटवला तर आतला माणूस भाजून निघतो, असं एकेक भ्या त्यांनी बाहेर काढून मांडलं. एकही खोटं नव्हतं. शेवटी झुंबरबाई बोलली.

"दिसू द्या की. न्हाय दिसलो म्हनून तर चोर झालो. रानात पळनाऱ्याला समदेच चोर म्हंत्यात." मग म्हणाली, "भ्या आमास्नी बी हाय, भाऊ. पर तुमचं तुमी घरी न्या. आमचं आमाला पुरं हाय."

भाऊ उठले. चपलांत पाय घातले. निघाले. दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला, सायकलवाल्याच्या दुकानात. मी शेजारी उभी होते. तिकडून विचारलं असावं की हे सुरक्षित आहे का. भाऊ म्हणाले, "न्हाय. आजाबात न्हाय." आणि मग म्हणाले, "पर त्यांनी ठरवलंय." एवढं बोलून फोन ठेवला आणि घाम पुसायला रुमाल शोधू लागले. पत्रे आणायला ते स्वतः सोलापूरला गेले आणि ट्रकमध्ये मागं पत्र्यांवर बसून आले, कारण ड्रायव्हरजवळ बसलं तर अपघातात उडी मारता येत नाही.

घरं उभी राहिली. खरंच दूरवरनं चकाकायची.

मग चेअरमनचा निरोप आला. बाजारच्या दिवसापर्यंत जागा सोडली नाही तर पुढं जे होईल त्याला तो जबाबदार नाही. ठाण्यात आम्ही अर्ज दिला. तिथल्या माणसानं तो घेतला आणि पंख्याखाली ठेवून दिला.

बाजारच्या दिवशी दुपारी एका कंडक्टरनं येऊन सांगितलं की त्या गावच्या पारावर माणसं जमतायत, आज बाजाराला कुणी गेलं नाही. भाऊ खुर्चीतनं उठले आणि पुन्हा बसले. पाणी प्याले. ओठ पांढरे झाले होते. म्हणाले, अक्का, तुम्ही येऊ नका. मी पिशवी उचलली. खरं सांगते, मला जावंसं वाटत नव्हतं. पण भाऊंच्या देखत घाबरायची मला लाज वाटली आणि ह्याचंच मला पुढं कितीतरी दिवस हसू येत राहिलं.

गाडीत ते दाराजवळ बसले. सारा वेळ एक हात दांडीवर. उतरल्यावर फुफाट्यातनं चालताना ते मधूनमधून थांबायचे. मला वाटायचं, आता मागं फिरतील. ते श्वास घ्यायचे आणि चालायला लागायचे. वारा पडला होता. तलावाच्या बांधापलीकडनं कामाचा आवाज येत होता. गावाकडनं मात्र काहीच आवाज नव्हता, कुत्र्याचासुद्धा नाही. मला त्याची फार भीती वाटली.

वस्तीत पुरुष कुणी नव्हता. झुंबरबाईनं त्यांना सकाळीच लांब लावून दिलं होतं. पारधी पुरुष गावकऱ्यांसमोर उभा दिसला की दरोड्याची केस होते, बाई उभी दिसली तर फार तर भांडणाची. हा तिचा हिशोब. बायका घरांपुढं ओळीनं बसल्या होत्या, मांडीवर पोरं. भाऊंना बघून झुंबरबाई म्हणाली, तुम्ही कशाला आलात? भाऊ म्हणाले, "मला लई भ्या वाटायलंय, बाई." "मग आत बसा," ती म्हणाली. ते आत गेले. मी बाहेर बायकांत बसले.

माणसं आली. पुढं चेअरमन, मागं गाव. काठ्या होत्या, एका पोरगेल्या माणसाच्या हातात रॉकेलचा डबा होता. ते बोलले ते मी इथं लिहीत नाही. तसं बोलणं अजूनही ऐकू येतं. झुंबरबाई नुसती त्यांच्या कपाळाकडं बघत होती. डबेवाला पुढं झाला आणि कडेच्या घरावर त्यानं रॉकेल ओतलं. तो वास नाकात गेला आणि माझ्या शेजारच्या बाईनं पोराचं तोंड पदराखाली झाकलं. मला आई आठवली. तिचं "ब्याड" आठवलं.

त्याच वेळी पत्रा वाजायला लागला.

अगदी बारीक, खडखड, खडखड. थांबेना. ज्या घरात भाऊ होते त्याची भिंत होती ती. ते आत पत्र्याला पाठ लावून बसले होते आणि इतके कापत होते की सबंध भिंत वाजत होती. माणसं थबकली. आवाज कशाचा ते त्यांना कळेना. आत कोण आहे, असं कुणीतरी ओरडून विचारलं. चेअरमनची नजर दारावर गेली.

झुंबरबाई उठली. "आत आमचा भाऊ हाय," ती म्हणाली. "त्याला भ्या वाटायलंय. आमाला बी वाटायलंय. आयका." आणि खालचा दगड उचलून तिनं पत्र्यावर हाणला.

मग बायका उठल्या. हातात जे येईल ते, पळी, दगड, तवा, आणि पत्रे बडवायला लागल्या. पोरंही. मीही. हाताला लागत होतं ते कळत नव्हतं. पालाच्या कापडातनं असा आवाज सात जन्मांत निघाला नसता. तो माळावर पसरला, तलावापर्यंत गेला आणि बांधावर एकेक डोकं दिसायला लागलं. कामावरच्या बायका टोपल्या टाकून खाली उतरत होत्या. बहुतेक त्याच गावच्या. जमलेल्या माणसांच्याच आया, बायका, भावजया. त्या भांडल्या नाहीत. येऊन उभ्या राहिल्या फक्त. त्यांच्यातली एक म्हातारी डबेवाल्याजवळ गेली, त्याचा दंड धरला आणि म्हणाली, "ही माज्यासंगं भाकर खाती. घरला चल." तो तिचा मुलगा होता.

आपल्याच बायकांच्या देखत काडी ओढणं कुणाला जमलं नाही. गाव हळूहळू मागं सरलं. डबा तिथंच राहिला. उरलेलं रॉकेल झुंबरबाईनं दिव्याला वापरलं.

भाऊंना बाहेर आणायला मी गेले. दाराशी त्यांच्या चपला होत्या. त्या फिरवलेल्या नव्हत्या. तोंडं आत होती. दोन्ही नीट, शेजारी शेजारी. घाईत भिरकावलेल्या नव्हत्या. मी त्या बघितल्या आणि आत गेले. ते भिंतीशी बसले होते, सदरा पाठीला चिकटलेला, डोळे मिटलेले. "गेले का?" म्हणाले. मी म्हटलं, गेले. मग ते रडले. मीही रडले.

पुढं पुण्याला त्यांचं कौतुक झालं. शाल द्यायचं घाटत होतं, त्यांनी नको म्हटलं. कुणी शौर्याची गोष्ट काढली की ते मान हलवायचे, "कसलं काय. पळायचंच हुतं. पाय चालंनात." सगळे हसायचे. मला चपला आठवायच्या. पण त्यांना ते तसंच सांगायचं होतं. मी कशाला मध्ये पडू?

गायरान पारध्यांच्या नावावर झालं नाही. कोर्टात तारखा पडत राहिल्या. पण वस्ती उठली नाही, पत्रे गंजले तरी उठली नाही. मी लग्न होऊन परंड्याला गेले आणि भाऊ नव्या नव्या वस्त्यांवर घाबरत जात राहिले.

ते गेल्याचं मला उशिरा कळलं. कुर्डुवाडीकडनं आलेल्या एका ओळखीच्यानं सकाळी सांगितलं, मी मिळेल त्या गाडीनं निघाले. धाराशिवला त्यांच्या गल्लीत पोचले तेव्हा माणसं पांढऱ्या कपड्यांत जमली होती, आत मेणबत्ती लावलेली होती, त्रिशरण म्हणून झालं होतं. भाऊ खाटेवर निजवले होते. चेहरा लहान झालेला. भिवया मात्र जिवंतपणी असायच्या तशाच, थोड्या वर. निळी गाडी दिसल्यावर असायच्या तशा. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

झुंबरबाई बायकांना घेऊन आली होती. त्या दारात न येता भिंतीशी बसून होत्या. गल्लीतले लोक त्यांच्याकडं वाकडं बघत होते, त्या जमिनीकडं. भाऊंच्या पत्नीनं त्यांना आत बोलावलं तेव्हा झुंबरबाई उठली. केस सगळे पांढरे झाले होते. उंबऱ्याशी ती थांबली. तिथं भाऊंच्या चपला होत्या. आजारपणात घरच्या कुणीतरी काढून ठेवलेल्या, त्यामुळं तोंडं आत होती. ती खाली बसली. एकेक चप्पल उचलली, पदरानं पुसली, आणि फिरवून ठेवली. बाहेर तोंड करून.

मी शेजारीच उभी होते. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "एकदा आमच्या दारात उलट्या ठिवल्या हुत्या त्यानं. म्या बघितल्या हुत्या." मग चपलांवर हात तसाच ठेवून म्हणाली, "आता जाऊ दे त्याला. वाटंत भ्या वाटंल."